हरवलेलें खरेदीखत

घराचें खरेदीखत हरवलें कीं घरच गेलें, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. दस्तांत एक शब्द चुकला तर सारा व्यवहारच खोटा, असें मानणारेही पुष्कळ आढळतात. कर्जत-खालापुराकडील कागदांचा इतिहास या दोन्ही समजुतींस उत्तर देतो; तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मराठेशाहींत पत्राची साक्ष गांवाच्या स्मरणांतही असे. धामधुमींत पत्र नाहींसें झालें तर गोतसभा बसे, जाणत्यांच्या साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. त्याखालीं पाटलाचा नांगर आणि कारागिरांच्या हत्यारांच्या निशाण्या पडत. कागद गेला तरी गोत उरे.

इंग्रजी अमलांत गोताची ही जागा दप्तरानें घेतली. १८६४ च्या कायद्यानें स्थावराच्या ठराविक दस्तांची नोंदणी सक्तीची झाली, आणि १९०८ चा नोंदणी कायदा त्याच परंपरेंतला. मूळ दस्त मालकास परत देण्यापूर्वीं त्याची नक्कल पहिल्या क्रमांकाच्या पुस्तकांत उतरवून घ्यावी, हें त्यांतील मर्म. ५७ व्या कलमाप्रमाणें त्या नकलेची प्रमाणित प्रत फी भरून कोणासही मागतां येते. म्हणून नोंदलेला दस्त गहाळ झाल्यास पोलिसांत वर्दी, वृत्तपत्रांत जाहीर नोटीस आणि ही प्रत, एवढ्यानें बहुधा काम भागतें. खरी अडचण निराळी आहे. शंभर रुपयांखालील खरेदी नुसता ताबा देऊनही होऊं शके. अशा घराचा कागद गेला तर मागें नक्कल नाहीं. घरपट्टीची पावती ही कराची साक्ष, मालकीची नव्हे.

आतां चुकीच्या दस्ताविषयीं. कर्जतेकडील एकाद्या जुन्या मोडी खतावर ‘जिल्हा ठाणें’ असें वाचून वारस दचकतो. परंतु ती चूक नव्हे. १८५० सालीं माथेरान प्रसिद्धीस आणणारे ह्यू मॅलेट हे ठाण्याचे कलेक्टर होते, आणि कर्जत कुलाबा जिल्ह्यांत आलें तें १८९१ सालीं. पुढें १ जानेवारी १९८१ रोजीं कुलाब्याचें रायगड झालें. एकाच घराच्या तीन पिढ्यांच्या कागदांवर तीन जिल्हे असणें हेंच खरेपणाचें लक्षण. सालाशीं जिल्हा जुळत नसेल तेव्हां मात्र संशय घ्यावा.

सर्व्हे नंबर वा नांव खरोखरच चुकलें असेल, तर उभयपक्षीं चूक-दुरुस्तीपत्र करून तें नोंदवावें. विकणारा वारला असल्यास त्याच्या वारसांकडे जावें लागतें. ते नाकारतील तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या २६ व्या कलमान्वयें कोर्टाची पायरी चढणें आलें. क्षेत्र आणि चतुःसीमा यांत विरोध पडला तर सामान्यतः चतुःसीमा प्रमाण धरतात. येथेंही शेजाऱ्याची साक्ष कामीं येते, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. जेथें माणसें आणि घरेंच मातीखालीं गेलीं, तेथें पेटींतील कागदांची काय कथा! म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, घराची दुसरी प्रत घराबाहेर असावी, आणि चूक दिसतांच, विकणारा हयात आहे तोंच, ती दुरुस्त करून घ्यावी. कागद पुन्हां मिळवितां येतो. सही करणारा हात पुन्हां मिळत नाहीं.