ज्याच्या नावाचं विद्यापीठ, त्याची कला कोणत्या रकान्यात?

युवा महोत्सव जवळ आला की वऱ्हाडातल्या कॉलेजांत तालमी रंगतात. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं. त्याआधी अकोल्याच्या पोराले विद्यापीठ म्हणजे अडीचशे किलोमीटरवरचं नागपूर! आता अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांची पोरं आपल्याच मंचावर उतरतात. ही कमाई लहान नाही.

२००५ मध्ये विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. बाबा शेंडगावचे, आपल्याच जिल्ह्यातले. दिवसा हाती खराटा, रात्री कीर्तन. भाषा अस्सल वऱ्हाडी. समोरच्यालेच प्रश्न विचारायचे, उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे. कर्ज, दारू, नवसाचं बोकड, शिवाशिव, पोरांची शाळा, काहीच सुटायचं नाही. हजारोंची गर्दी अशी बोलती ठेवणं म्हणजे नाटकवाल्यांनीही शिकावं असं काम.

पण राष्ट्रीय युवा महोत्सवाच्या ठरीव यादीत मूकनाट्य, नक्कल, रांगोळी, व्यंगचित्र आहे, पाश्चात्त्य गायनही आहे. कीर्तनाला वेगळा रकाना नाही. पाश्चात्त्य गाण्याशी आपलं भांडण नाही बरं! दिल्लीची यादी दिल्लीकडे राहू द्या. आपल्या विद्यापीठाने घरच्या मंचावर वऱ्हाडी प्रबोधन कीर्तनाची मानाची स्पर्धा घ्यावी. फिरत्या ढालीऐवजी खराटा दिला तरी चालेल.