मळ्यावर सोडलेली कुत्री

आमच्या अकलूज भागात जनावरांची पारख असलेली माणसं पुष्कळ. दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो, तेव्हा मारवाडी घोडा कोणता हे शाळकरी पोरगंही कानाच्या वळणावरून सांगतं. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी नीरा ओलांडून येते, रिंगण होतं, आणि धावून गेलेल्या अश्वाच्या टापेखालची माती लोक कपाळाला लावतात. ‘जातिवंत’ हा शब्द आमच्या तोंडी रोजचा आहे. पण हौसेनं आणलेल्या जातिवंत जनावराचं हौस फिटल्यावर काय होतं, यावर आपण फारसं बोलत नाही. आज त्यावर बोलतो, आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून करतो.

१९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला. त्यातला पांढरा, झुबकेदार टफी घराघरांतल्या पोरांना हवा झाला. माझ्या धाकट्या भावानं हट्ट धरला आणि आम्ही पुण्याहून तसलं पिल्लू आणलं. नावही टफीच. अम्मीची एकच अट होती, ते उंबऱ्याच्या आत येणार नाही. सहा-सात महिने कौतुकात गेले. मग केस गळू लागले, अंगाला खरूज झाली, रात्रीचं भुंकणं शेजाऱ्यांना सोसेना. शेवटी मीच त्याला सायकलवर घालून ओळखीच्या एका मळ्यावर नेऊन दिलं. घरी येऊन सांगितलं, ‘मळ्यावर दिलं, मोकळं राहील.’ पंधरा दिवसांनी चौकशीला गेलो, तर गडी म्हणाला, ‘गेलं कुठंतरी. बांधावरची कुत्री त्याला टिकू देईनात.’ भावानं विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. अम्मी काहीच बोलली नाही. पुढं कितीतरी दिवस ती अंगणात पाण्याचं भांडं भरून ठेवत होती. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजलं म्हणून एका पापी बाईला माफी मिळाली, ही हदीसमधली गोष्ट तिनंच आम्हाला लहानपणी सांगितली होती.

‘मळ्यावर दिलं’ हे आपल्याकडच्या टाकून देण्याचं सभ्य नाव आहे. गावठी कुत्रं रस्त्यावर जन्मतं आणि रस्ता शिकतं. वाहन कसं चुकवायचं, कुणाच्या दारात भाकरी मिळते, कोणती हद्द कुणाची, हे त्याला ठाऊक असतं. ताटलीत खाऊन वाढलेल्या लॅब्रॅडॉरला किंवा पगला यातलं काही येत नाही. मालक गेला त्या दिशेला तोंड करून ते तिथंच बसून राहतं.

बेवारस कुत्र्यांसाठी माणसं उभी राहिली, त्याचा महाराष्ट्रातला इतिहास जुना आहे. मुंबईत कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यातल्या ठरावीक मुदतीत भटकी कुत्री मारली जात आणि मारणाऱ्याला बक्षीस मिळे. १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली. बक्षिसाच्या लोभानं पाळलेली कुत्रीही दारातून ओढून नेली जाऊ लागली. कुत्रा हा पारशी धर्मात पवित्र मानलेला प्राणी. ६ जून १८३२ रोजी पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि त्यांना इतर समाजांचे लोकही येऊन मिळाले. दुकानं बंद झाली. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारं अन्नपाणी अडवण्यात आलं. शेवटी सैन्य बोलवावं लागलं. त्या दंग्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. एक पारशी आणि एक जैन, दोघं मोठे व्यापारी. कुणाचंच नसलेल्या जनावराला त्यांनी छप्पर दिलं.

पुढं १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली आणि १८८३ मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळचं जनावरांचं इस्पितळ. त्याला बाई साकरबाईंचं नाव आहे, पण मुंबईकर त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखतो. या नावातच तो काळ दिसतो. बैल आणि घोडा कामाचे, म्हणून नावात आले. कुत्र्याला तिथं उपचार मिळाले, पण नावात जागा मिळाली नाही.

आपल्या मुलखातला जातिवंत कुत्रा म्हणजे कारवानी. लांब पाय, निमुळतं तोंड, आत ओढलेलं पोट. व्यापाऱ्यांच्या कारवानांबरोबर त्याचे पूर्वज दक्षिणेत आले, असं सांगतात. कर्नाटकात याच्याच भाईबंदाला मुधोळ म्हणतात आणि २००५ साली मुधोळचं चित्र टपाल तिकिटावरही आलं. सशामागं धावावं हे त्याचं काम. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला आळा बसला, हे योग्यच झालं. पण धावण्यासाठीच घडवलेल्या या कुत्र्याचं काम गेलं. तरी त्याला शेतावर राखणीचं काम उरलं. शहरातल्या गॅलरीत बांधलेल्या परदेशी कुत्र्याला तेवढंही नाही.

परदेशी कुत्र्यांची खरी लाट नव्वदनंतरची. हातात पैसा आला, दूरदर्शनच्या जागी वाहिन्या आल्या. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागं मागं चालणारा पग दिसला आणि पगला मागणी आली. चपट्या नाकामुळं त्याला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणं जड जातं, हे जाहिरातीत कोण सांगणार? मग हस्की आले, सेंट बर्नार्ड आले. बर्फातली कुत्री सोलापूरच्या उन्हात आली. मार्च २०२० मध्ये कुत्र्यापासून कोरोना होतो अशी अफवा उठली, तेव्हा कित्येकांनी पाळलेली कुत्री बाहेर काढली. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये ते रद्द केलं, पण तेवढ्यात या जातींच्या मालकांच्या मनात धास्ती शिरली होती.

कायदा नाही असं नाही. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. उपाशी-तहानेला मरेल अशा अवस्थेत जनावर टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पिल्लाची किंमत हजारांत आणि टाकून देण्याचा दंड चहा-भज्यांच्या हिशेबात. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांनी नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असे नियम २०१७ मध्ये आले. ते पाळणारे किती, हे गल्लीबोळातल्या विक्रीवरून कळतं.

कायदा जिथं थांबतो, तिथं काही माणसं बिनपगारी काम करतात. मुंबईत ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था १९८५ पासून आहे, पुण्यात ‘रेस्क्यू’ २००७ पासून. त्यांच्याभोवती आणि त्यांच्याबाहेरही विखुरलेले स्वयंसेवक आहेत. कुणी विद्यार्थी, कुणी बँकेतली नोकरदार, कुणी निवृत्त शिक्षिका.

दोन वर्षांपूर्वी पालखी पुढं गेल्यावर सराटीच्या पुलाजवळ एक लॅब्रॅडॉर कुत्री सापडली. गळ्यात पट्टा होता, आचळं लोंबलेली, मागचे पाय अधू. विकण्यासाठी पिल्लं काढून काढून ती निकामी झाली, म्हणून सोडली होती, हे उघड होतं. आमच्याकडच्या तीन पोरांनी तिला गाडीत घालून पुण्याला नेलं. मीही बरोबर गेलो. तिथली रीत पाहिली. आधी तिला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवलं, गोचीड काढले, रक्त तपासलं, लस दिली. मग एका कुटुंबानं तिला तात्पुरतं घरी ठेवून घेतलं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नसबंदी झाल्याशिवाय ती कुणालाच द्यायची नाही. कारण विचारलं तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, ‘काका, ‘मादी आहे का, पेपर आहेत का’ असं विचारणारे फोन खूप येतात. त्यांना कुत्री नको असते, पिल्लं हवी असतात.’ जो न्यायला येतो त्याचं घर पाहतात, घरातल्या सगळ्यांची संमती विचारतात, महिन्याभरानं पुन्हा जाऊन येतात. चार महिन्यांनी तिला घर मिळालं. एका आजोबांनी नेली. तिची जात त्यांनी विचारलीच नाही.

परतताना त्या पोरांपैकी एकानं मला सहज विचारलं, ‘सर, तुमच्याकडं कधी कुत्रं होतं का?’ मी म्हणालो, ‘होतं.’ ‘मग काय झालं त्याचं?’ तीस वर्षांपूर्वी भावाला दिलेलं उत्तर ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि सांगितलं, ‘मी टाकून दिलं.’

कुणी ‘मळ्यावर दिलं’ म्हणालं, की आता मी एवढंच विचारतो, कोणता मळा? तिथं ते आज आहे का? आपणही विचारावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)