वेलांटी आधी की अक्षर आधी?

तालुक्याच्या गावी एखादा टायपिंग क्लास हमखास असायचा. सरकारी परीक्षेचं मराठी ३० शब्दांचं, मग ४० शब्दांचं प्रमाणपत्र हाती आलं की लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी अर्ज करता येई. त्या क्लासात बोटांना लागलेलं वळण पुढे संगणकावर मराठी शिकताना आड आलं. ज्यांचा हात सर्वांत तयार, त्यांनाच ते जास्त नडलं.

टाइपरायटर कागदावर डावीकडून उजवीकडे नुसते आकार उमटवतो. 'निर्मिती' लिहायचं तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग न. पुन्हा वेलांटी, मग म, त्याच्या डोक्यावर रफार, शेवटी ती. अर्ध्या अक्षरांना वेगळ्या कळा. डोळ्यांना दिसतं त्याच क्रमाने बोटं चालत.

१९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरवला आणि हा क्रमच फिरला. संगणकात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवायची होती. आता 'निर्मिती'साठी न, वेलांटी, र, पाय मोडायची कळ, म, वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. र चा पाय मोडून म दाबला की रफार आपोआप डोक्यावर चढतो. मांडणी खरोखर विचारपूर्वक केलेली आहे: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, क आणि ख एकाच कळेवर, शिफ्ट धरली की ख. मुळाक्षरं पाठ असलेल्या नवख्याला ती लवकर उमगे. वर्षानुवर्षं रेमिंग्टन टाइपरायटर बडवलेल्या माणसाचं बोट मात्र आधी वेलांटीकडेच धावे. पुढे युनिकोड ही अक्षरांची जागतिक संकेतप्रणाली आल्यावर अशी एकटी वेलांटी पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून उमटू लागली. ते वर्तुळ कुठून आलं, हे शिकणाऱ्याला सांगणारं सहसा कोणी नसे. या माणसांना 'जुन्या वळणाचे' म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं होतं. त्यांचं कसब अस्सल होतं, यंत्राने फक्त त्याचा पाया बदलला होता.

भारतीय लिपी संगणकावर आणण्याचं, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे नेलं. संगणकात एक कार्ड बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी दिसू लागे. १९९१ मध्ये 'इस्की' हे अक्षरसंकेतांचं भारतीय मानक ठरलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती.

छापखान्यांनी वेगळी वाट धरली. तिथल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. दिसतील त्या क्रमाने आकार टंकता येत असल्याने हे टाइपरायटरवाल्यांना सोयीचं होतं, पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हं. चूक आपलीच, असं समजून किती जणांनी सगळा मजकूर पुन्हा टंकला असेल!

२००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि लाखो लोक पहिल्यांदा माउस धरायला शिकले. तरी विंडोज एक्सपीवर मराठी आयती मिळत नसे. प्रादेशिक भाषांच्या सेटिंगमध्ये खूण करावी लागे, मग संगणक विंडोजची सीडी मागे. ती सापडलीच नाही तर शिकणं तिथेच थांबे.

एक अडचण खास मराठीची. इन्स्क्रिप्टवर 'दुसऱ्या' लिहिताना शिफ्ट धरून नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो, मग पाय मोडून य. साधा र घेतला की 'दुसर्या' होतं. दुकानांच्या पाट्यांवरही हे रूप दिसतं.

जुन्या फॉन्टमधली पुस्तकं युनिकोडमध्ये आणताना तर टाइपरायटरचा क्रम आजही समोर उभा राहतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून अक्षराच्या पुढे ठेवावी लागते आणि रफार मागे आणावा लागतो. 'स्थिती'त तिला स आणि थ दोन्ही ओलांडावे लागतात. ती एकाच अक्षरापाशी थांबली तर 'सि्थती' उमटतं, आणि मुद्रितशोधकाला अशी रूपं पानापानांतून वेचून हाताने दुरुस्त करावी लागतात.