बेंगळुरूतील घर : कर्ज, खाते आणि देखभाल

गृहकर्ज काढून घर घेतले, तरी ते लगेच पूर्णपणे आपले होत नाही. घराच्या बाजारभावातून कर्जाची बाकी वजा केल्यावर उरते, तेवढाच घरमालकाचा खरा वाटा. नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा वाटा वाढविताना हप्त्यांइतकाच तेथील कागदपत्रांचाही विचार करावा लागतो.

प्रथम हिशेब. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी बँकांना घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. समजा, साडेबासष्ट लाखांच्या सदनिकेसाठी ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ४३,३९० रुपये येतो. त्यातील पहिल्या महिन्याचे ३५ हजारांहून अधिक रुपये व्याजातच जातात. पाच वर्षांत सुमारे २६ लाख भरूनही मुद्दल सहा लाखांच्या आसपासच घटते. निम्मे मुद्दल फिटायला चौदावे वर्ष संपत येते. मात्र पहिल्या वर्षाअखेर एक लाख रुपये जादा भरल्यास शेवटचे सुमारे ११ हप्ते कमी होतात. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

हा सारा हिशेब कागदपत्रे निर्दोष असतील तरच उपयोगी. महाराष्ट्रात सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण व्हावे लागते. बेंगळुरूत सदनिकेच्या विक्रीखतातच जमिनीचा अविभाजित हिस्सा खरेदीदाराच्या नावे होतो. त्यानंतर येते ते ‘खाते’. खाते म्हणजे महापालिकेच्या करनोंदवहीतील नोंद. तो मालकीहक्काचा दाखला नव्हे, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नियमानुसार असलेल्या मिळकतींना ‘ए खाते’ मिळते. बिगरशेती परवानगी वा मंजूर नकाशा नसलेल्या मिळकतींची नोंद करवसुलीपुरती ‘बी’ वहीत होत आली आहे. २००७ मध्ये सात नगरपालिका, एक टाउन म्युनिसिपल कौन्सिल आणि ११० गावे सामावून बृहत् बेंगळुरू महानगरपालिका झाली, तेव्हा अशा असंख्य मिळकती शहरात आल्या. अशा घरावर कर्ज देताना बहुतेक बँका हात आखडता घेतात. विकताना खरेदीदारही कमी भेटतात. हप्ते वेळेवर भरूनही मालकाचा वाटा मग कागदावरच राहतो. ऑक्टोबर २०२४ पासून शहरात दस्तनोंदणीसाठी ई-खाते आवश्यक झाले, तर २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘बी’चे ‘ए’ करण्याची योजना जाहीर केली. त्याच वर्षी महापालिकेची जागा बृहत् बेंगळुरू प्राधिकरण व पाच महापालिकांनी घेतली.

देखभालीचा मोठा शत्रू पाणी, आणि तेही दोन्ही अंगांनी. येथे नैऋत्य मोसमी पावसानंतर परतीचा पाऊसही जोर धरतो. त्यामुळे गच्चीचे जलरोधक काम वळवाच्या सरींआधी, मार्चपर्यंत उरकलेले बरे. सप्टेंबर २०२२ मध्ये महादेवपुरा भागातील महागड्या वसाहतींतही पाणी शिरले होते. घर घेण्यापूर्वी राजकालुवे, म्हणजे तलावांना जोडणारे जुने नाले, नकाशावर पाहणे म्हणूनच अगत्याचे. उलट २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या आणि पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी आली. २००९ च्या कायद्याने २,४०० चौरस फुटांवरील जुन्या आणि १,२०० चौरस फुटांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजलसंचय बंधनकारक केला. कूपनलिकेच्या जड पाण्याने नळ व गीझर क्षारांनी भरतात, हा खर्च वेगळाच.

नव्या इमारतीत बांधकामाचा दोष आढळल्यास ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत विकासकाला लेखी कळवावे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार दुरुस्ती त्याने ३० दिवसांत विनामूल्य करावयाची असते. मालमत्ता कर एप्रिलमध्ये भरल्यास पाच टक्के सवलत मिळत आली आहे. पावत्या विक्रीच्या वेळी उपयोगी पडतात.

कर्ज फिटल्यावर मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत करणे बँकांवर १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई मिळते. दस्तऐवज हाती आल्यावर नवे ऋणभार प्रमाणपत्र काढून त्यावरील बँकेचा बोजा उतरल्याची खात्री करून घ्यावी.