मांडवीकाठची भर

पणजी मुळात ताळगावची एक वाडी. मागे आल्तिनोची टेकडी, पुढे मांडवी, आणि दोहोंच्या मध्ये वाळूची टेकाडे, माडांची कुळागरे, खाजने आणि खारफुटीने भरलेली दलदल. नदीच्या काठावर विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने 1500 च्या सुमारास बांधलेला वाडा तेवढा लांबून नजरेत भरे. त्याला खाऱ्या पाण्याचा खंदक होता, नदीवर रोखलेल्या तोफा होत्या. 1510 मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने हा वाडा घेतला, पण शहर मात्र त्याने इथे वसवले नाही. पोर्तुगिजांची राजधानी मांडवीच्या वरच्या अंगाला, आज ज्याला जुने गोवे म्हणतात तिथे उभी राहिली. लिस्बनहून येणारी जहाजे पणजीजवळून पुढे जात. खलाशी उतरून टेकडीवरच्या चर्चमध्ये सुखरूप पोचल्याची प्रार्थना करत आणि पुन्हा जहाजावर चढत. सव्वादोनशेहून अधिक वर्षे पणजीची ओळख एवढीच होती.

या दलदलीत पहिली मोठी भर पडली 1630 च्या दशकात. व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याने पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा दगडी बांधरस्ता घातला. 1634 मध्ये पुरा झालेला हा ‘पोंत द लिन्यारिश’ आजही वाहता आहे. बस, मोटारी, स्कूटर सगळे त्यावरून जातात आणि बहुतेकांना आपण पावणेचारशे वर्षांहून जुन्या बांधकामावरून चाललो आहोत याची जाणीवही नसते. रस्त्याच्या कडेला उतरून पाहिले तर जांभ्या दगडाच्या बुटक्या कमानी दिसतात. भरतीचे पाणी त्यांच्याखालून मिठागरांकडे शिरते आणि ओहोटीला त्याच वाटेने परतते. रस्ता घालायचा, पण पाण्याची ये-जा अडवायची नाही, ही समज बांधणाऱ्यांना होती. त्यांच्यानंतर पणजीत भर घालणाऱ्या सगळ्यांना ती होती असे म्हणता येत नाही.

ही समज पोर्तुगिजांनी बरोबर आणलेली नव्हती. ते येण्याच्या कितीतरी आधीपासून गोव्यातल्या गावकऱ्या, म्हणजे गावसंस्था, खाजने राखत होत्या. नदीकाठची सखल जमीन मातीचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवायची आणि बांधाच्या तोंडाशी मानस बसवायची. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. ओहोटीला आत साठलेले पाणी झडप ढकलून बाहेर पडते. भरती चढू लागली की बाहेरचे पाणीच ती झडप दाबून बंद करते. रोजच्या उघडझापीला माणूस लागत नाही की यंत्र लागत नाही, काम सगळे चंद्राच्या हिशेबाने चालते. आत खारेपणा सोसणारा कोरगुट तांदूळ पिकतो, मानशीत मासळी अडकते आणि तिच्या लिलावातून बांधाच्या डागडुजीला पैसा मिळतो. समुद्राशी इतका शहाणा व्यवहार जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

जुने गोवे मात्र पाण्यानेच मारले. एकेकाळी दोन लाखांच्या घरात वस्ती होती असे ज्याविषयी सांगतात, त्या शहरात साथी सुरू झाल्या. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत विहिरी आणि घाण यांच्यात अंतर राहिले नाही. माणसे मेली, उरलेली निघून गेली. 1759 मध्ये व्हाइसरॉय कोंद द एगा आपला मुक्काम पणजीच्या आदिलशाही वाड्यात घेऊन आला. पुढे मार्केस द पोंबालच्या हुकमाने 1770 च्या दशकात जुने गोवे नव्याने उभारण्याचा खटाटोप झाला, तोही फसला. राजधानी खाली, समुद्राकडे सरकणार हे तेव्हाच ठरल्यासारखे होते.

तरीही पणजीला शहर करायला एक माणूस लागला. दोम मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु 1827 मध्ये आला आणि 1835 पर्यंत कारभारावर राहिला. तेवढ्या वर्षांत त्याने वाळूची टेकाडे सपाट केली, दलदलीत भर टाकली, सरळ रस्ते आखले आणि नदीच्या कडेने सरकारी इमारतींची रांग उभी केली. 1832 मध्ये त्याने सार्वजनिक ग्रंथालयही काढले. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. आज ते कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून पाटोवर आहे, आणि पाटो ही जागाही खाजन आणि खारफुटी भरूनच तयार झालेली आहे. 22 मार्च 1843 रोजी लिस्बनहून फर्मान निघाले आणि पणजी ‘नोव्हा गोवा’ नावाने रीतसर राजधानी झाली.

या नव्या शहराचे तोंड नदीकडे होते. जकातघर, बंदर कप्तानाची कचेरी, टपाल, बराकी सगळे पाण्याला लागून. माल पाण्यातून यायचा, अधिकारी पाण्यातून यायचा, बातमी पाण्यातून यायची. धक्क्यालगतच्या म्हामाय कामतांच्या घरातून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दूरदूरच्या बंदरांशी व्यवहार चालत. त्यांच्या चोपड्या आणि पत्रव्यवहार पुढे पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये गेले आणि त्यावरून हिंदी महासागराच्या व्यापाराचा इतिहास लिहिला गेला. त्यात अफूचा व्यापार आहे, गुलामांचाही आहे. पणजीच्या देखण्या काठाची ही बाजू वगळून तिचे कौतुक करणे बरे नव्हे. याच काळात, 1818 मध्ये, हिंदूंना शहरात महालक्ष्मीचे मंदिर बांधण्याची परवानगी मिळाली. व्यापारी वस्तीला येऊ लागले होते आणि राज्यकर्त्यांना ते हवे होते, हे त्यामागचे साधे कारण.

पण माणसांची गर्दी काही झाली नाही. गोव्याची लोकसंख्या 1900 मध्ये पावणेपाच लाख होती आणि 1960 मध्ये 5 लाख 90 हजार. साठ वर्षांत जेमतेम 1 लाख 15 हजारांची वाढ! 1910 ते 1921 च्या दरम्यान तर ती घटली. रोगराई हे एक कारण झाले, पण मोठे कारण म्हणजे गोंयकार बाहेर पडत होता. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका, जगभरच्या बोटी. मुंबईत धोबी तलाव आणि आसपासच्या कुडांत गावागावाचे लोक एका छपराखाली राहून बोटीवरच्या नोकरीची वाट पाहत. पणजीचा धक्का त्या काळात माणसे आणण्यापेक्षा माणसे नेण्याच्याच कामी जास्त आला.

मराठी माणसाच्या आठवणीतली पणजी या धक्क्यावरच सुरू होते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला लागे. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे कोकणातल्या एका अख्ख्या पिढीला घरच्या माणसांसारखी ठाऊक होती. बंदरात धक्का नसेल तिथे बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव येऊन माणसे, ट्रंका, फणस, आंब्याच्या पेट्या चढवत-उतरवत. पणजीत मात्र बोट थेट काठाला लागे. पावसाळ्यात सगळे बंद. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही सेवा थांबली आणि पणजीच्या काठाचा मुंबईशी असलेला रोजचा संबंध तुटला.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य बेतीला पोचले तेव्हा समोर पणजी दिसत होती, पण मधे पूल नव्हता. जवानांना होड्यांतून मांडवी ओलांडावी लागली. मुक्तीनंतरचा बदल आकड्यांत स्पष्ट दिसतो. 1960 ते 1971 या अकरा वर्षांत गोव्याची लोकसंख्या दोन लाखांनी वाढली. आधीच्या साठ वर्षांत वाढली नव्हती इतकी! 1981 मध्ये ती दहा लाखांवर गेली, 2011 मध्ये साडेचौदा लाखांवर. नव्या राजवटीला कचेऱ्या हव्या होत्या, शाळा हव्या होत्या, खाणींना कामगार हवे होते. खाणींतले लोहखनिज घेऊन बार्जेस मांडवीतून पणजीसमोरून मुरगावकडे जात. पावसाळ्यात आग्वादपाशी नदीच्या तोंडावर समुद्र खवळला की कुंभारजुवे कालव्याने झुआरीत उतरत. 2012 मध्ये खाणी बंद पडेपर्यंत पणजीकरांना नदीचे हेच दृश्य सवयीचे होते.

मांडवीवर पहिला पूल 1970 च्या सुमारास झाला. 5 जुलै 1986 रोजी तो कोसळला. काँक्रीटच्या आतल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. पंधरा-सोळा वर्षांत पुलावर विसंबलेले शहर एका दिवसात पुन्हा फेरीबोटीवर आले. बेतीच्या धक्क्यावर रांगा लागल्या. आज पणजीपाशी नदीवर तीन पूल आहेत आणि त्यांतला अटल सेतू 27 जानेवारी 2019 रोजी खुला झाला. तरी बेतीची फेरीबोट चालू आहे हे चांगले आहे. खाऱ्या पाण्याच्या काठावरच्या शहराने एकाच वाटेवर भिस्त ठेवू नये.

या वाढीत एक विचित्र गोष्ट झाली. वाढ झाली ती पणजीच्या अवतीभवती, खुद्द पणजीत फारशी नाही. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सुमारे 40 हजार माणसे होती, तर आजूबाजूची गावे धरून होणाऱ्या नागरी समूहात सुमारे 1 लाख 14 हजार. ताळगावच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या, पर्वरीचे पठार भरले, सांताक्रूझ, मेरशी, बांबोळी शहराला चिकटली. 2000 मध्ये विधानसभासुद्धा आदिलशाही वाड्यातून नदीपार पर्वरीला गेली. ज्या ताळगावची पणजी वाडी होती, ते ताळगाव आता पणजीचे उपनगर म्हणून ओळखले जाते.

काठ रिकामा होत गेला तसा त्याला नवा धंदा मिळाला. त्यातले काही फार सुंदर घडले. कांपालला चार्ल्स कोरिया यांनी आखलेली कला अकादमी 1983 मध्ये उभी राहिली. रस्त्यावरून आत शिरून माणूस कोणाला न विचारता थेट नदीपर्यंत जाऊ शकेल अशी ती इमारत. काठावरचे बांधकाम कसे असावे याचा याहून चांगला धडा गोव्यात दुसरा नाही. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आला. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवाराचे रूप बदलले, कडेने फरसबंदी झाली, दिवे लागले.

मग कॅसिनो आले. 1976 च्या जुगारविषयक कायद्यात 1992 आणि 1996 मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि जहाजावरच्या जुगाराला वाट मिळाली. या शतकाच्या सुरुवातीपासून मांडवीच्या पात्रात रोषणाईने झगमगणारी जहाजे नांगरून आहेत. त्यांच्यासाठी काठावर जेट्या झाल्या, गिऱ्हाईक नेणाऱ्या छोट्या बोटी आल्या. ही जहाजे मांडवीतून हलवण्याची आश्वासने अनेकदा दिली गेली, प्रत्येक वेळी मुदतवाढ झाली. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला बंदी आहे. म्हणजे शहराच्या दारातले पाणी आणि धक्का ज्या धंद्याला दिला, त्यात शहरवासीयांना जागाच नाही. सरकारला महसूल मिळतो, अनेकांना नोकऱ्या मिळतात, हे खरे आहे. पण आगबोटीचा धक्का ज्याच्या हातात तिकीट त्याचा होता, बार्जमागे अख्ख्या गावांचे पोट होते. काठाचा इतका अरुंद वापर पणजीच्या इतिहासात पूर्वी कधी झाला नव्हता. 2016 च्या कायद्याने मांडवी राष्ट्रीय जलमार्ग ठरली तेव्हा गोव्यात जो विरोध झाला, त्याच्या मुळाशीही नदी कोणाची हाच प्रश्न होता.

त्याच 2016 मध्ये, मे महिन्यात, पणजी स्मार्ट सिटी योजनेत निवडली गेली. मलनिस्सारणाच्या वाहिन्या, रस्ते, पदपथ, नदीकाठ यांसाठी शहर पुढची काही वर्षे खणले गेले. धुळीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. या कामांतले खारफुटीतून जाणारे पायवाटेचे मचाण चांगले आहे. पाटोच्या खाडीवर उभे राहून मुळ्यांमधली भरती पाहता येते, मुलांना खेकडे दाखवता येतात.

मुख्य दुखणे मात्र जमिनीच्या पातळीचे आहे, आणि ते दोम मानुएलच्या वेळेपासूनचे आहे. भर घालून केलेली जमीन नदीच्या फार वर नसते. पावसाळ्यात दुपारी मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की गटारांची तोंडे नदीच्या पाण्याखाली जातात. पावसाचे पाणी बाहेर पडू शकत नाही आणि ‘18 जून’ नावाच्या रस्त्यावर दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत चढते. सांतिनेजचा नाला हा शहराच्या पश्चिम भागाचा नैसर्गिक निचरा. त्याच्या कडा आवळल्या गेल्या, त्यात सांडपाणी सोडले गेले. आसपासची जी शेते पूर्वी जास्तीचे पाणी काही तास धरून ठेवत, तिथे आता इमारतींची वाहनतळे आहेत. वाढलेल्या वस्तीची खरी किंमत इथे मोजावी लागते.

अशा वेळी पंप बसवले जातात आणि पंपांनी थोडी सोय होतेही. पण गटाराच्या तोंडाला ओहोटीला उघडणारी आणि भरतीला मिटणारी झडप, तिच्या मागे पाणी काही तास थांबेल इतकी मोकळी जागा, आणि वर्षातून एकदा बांधाची डागडुजी, एवढ्यावर इथल्या कुळांनी शतकानुशतके भात पिकवले. खाजनांचे बांध राखणाऱ्या कुळांच्या संघटना गोव्यात आजही काम करतात. कोणत्या अमावास्येला पाणी किती चढेल आणि बांध कुठे फुटेल हे त्यांच्यातल्या जाणत्यांना ठाऊक असते. पणजीच्या काठाचे पुढचे आराखडे करताना वास्तुविशारद आणि अभियंते यांच्या शेजारी या माणसांना खुर्ची मिळाली पाहिजे, आणि ताळगाव, मेरशीकडे जी खाजने अजून भरली गेलेली नाहीत, त्यांवर त्या आराखड्यात इमारतीचा रंग चढता कामा नये.