मूठभर धान्य ते पंचवीस हजार रुपये : शाळेचा खर्च कोणी सोसला?

१/ ‘मोफत शिक्षण’ हा शब्द आपण सहज वापरतो. परंतु शिक्षकाला पोट असते, शाळेला छप्पर लागते, फुटलेली पाटी नवी घ्यावी लागते. खर्च कधीच टळत नाही. तो कोणाच्या पदरातून जातो, एवढेच बदलते. मुंबई इलाखा आणि पुढे महाराष्ट्र यांच्या दोनशे वर्षांच्या शालेय इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा कसा उभा राहिला, याचा हा धागा.

२/ पेशवाई बुडाली १८१८ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबई सरकारच्या कौन्सिलातील सदस्य प्रेंडरगास्ट यांनी लिहून ठेवले की, आपल्या मुलखात शाळा नाही असे गाव क्वचितच सापडेल. पंतोजींचा मोबदला पालकांच्या ऐपतीप्रमाणे ठरे : कोणी मूठ-दोन मुठी धान्य देई, कोणी महिन्याला रुपयापर्यंत. त्यात मूल अक्षरे, मोडी, पावकी-निमकी आणि हिशेब शिके.

३/ हे चित्र थोडे अधिकच उजळ असावे. १८२९ च्या सुमारास झालेल्या मोजणीत इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० विद्यार्थी आढळले. लोकसंख्या होती ४६ लाखांहून अधिक. आणि मूठभर धान्य देण्याची तयारी असली, तरी अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांना त्या ओसरीवर जागा नव्हती. मुलींनाही जवळजवळ नव्हतीच. फी परवडणे आणि प्रवेश मिळणे, या दोन गोष्टी तेव्हापासूनच वेगळ्या आहेत.

४/ १८५४ चा वुड यांचा खलिता भारतातील आधुनिक शिक्षणव्यवस्थेचा पाया मानला जातो. खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली. त्यात एक अट होती : अनुदान हवे असेल, तर शाळेने विद्यार्थ्यांकडून थोडी तरी फी घेतली पाहिजे. फुकट मिळालेल्या विद्येची किंमत राहत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. तो आजही आपल्या कानांवर पडतो. त्याचे वय आता पावणेदोनशे वर्षांच्या घरात आहे.

५/ पण कुणबी खरोखरच फुकट शिकत होता काय? १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ बसवण्यात आला. त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी होता. म्हणजे ज्याचे मूल शाळेचा उंबरठाही ओलांडत नव्हते, तो शेतकरीही साऱ्याबरोबर शाळेचे पैसे मोजत होता.

६/ या विसंगतीवर नेमके बोट ठेवले जोतीराव फुले यांनी. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो आणि त्यातून होणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. शिक्षणासाठी म्हणून घेतलेला कर त्या कामी नीट खर्च होत नाही, हीही त्यांची तक्रार होती.

७/ इलाख्यातील दहापैकी नऊ गावांत आणि सुमारे दहा लाख मुलांसाठी प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असे फुल्यांनी त्याच निवेदनात नमूद केले. मागणी होती, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. त्यांचा प्रश्न केवळ फीचा नव्हता. पैसा कोणाचा आणि बाकावर मूल कोणाचे, असा तो होता.

८/ आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवाव्यात आणि वरच्या शिक्षणात अनुदानित खाजगी संस्थांना वाव द्यावा, अशी दिशा दिली. येथे ‘खाजगी’ या शब्दाचा आजचा अर्थ मनातून काढावा लागेल. १८८० साली चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात उभी केलेली न्यू इंग्लिश स्कूल खाजगीच होती; परंतु तिच्या मुळाशी नफा नव्हता, कमी खर्चात स्वतंत्र बाण्याचे शिक्षण देण्याची जिद्द होती. शिक्षकांच्या त्यागावर ती चालली.

९/ पालकांच्या खिशाला हात न लावता प्रत्येक मूल शाळेत आणता येते, हे दाखवले संस्थानांनी. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली शहर आणि भोवतालच्या नऊ गावांत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला. १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदा संस्थानास लागू झाला.

१०/ ब्रिटिश हिंदुस्थानासाठी हीच मागणी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ च्या विधेयकातून मांडली. अतिशय सावध विधेयक होते ते : आरंभी फक्त सहा ते दहा वर्षांचे मुलगे आणि दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ. एवढ्या माफक मागणीलाही १९१२ मध्ये १३ मते अनुकूल आणि ३८ प्रतिकूल पडली.

११/ मग कोल्हापूर. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला. योगायोग पाहा : शतकापूर्वी सधन पालक मुलाला शाळेत पाठवण्यासाठी महिन्याला रुपया देत असे, आता न पाठवल्याबद्दल तोच रुपया द्यावा लागणार होता. शाळा ही कुटुंबाने विकत घ्यायची वस्तू न राहता राज्याची जबाबदारी आणि पालकाचे कर्तव्य ठरली.

१२/ १२ मार्च १९२७, मुंबई विधिमंडळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारचा हिशेब सरकारलाच वाचून दाखवतात. शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च होतात, तर अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल होतात. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी ३६ टक्के आणि माध्यमिक शाळांच्या खर्चापैकी ३१ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीतून निघते. हा शिक्षणाचा व्यापार आहे, असे त्यांनी स्पष्ट बजावले.

१३/ याच काळात कर्मवीर भाऊराव पाटील तिसरी वाट शोधत होते. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याने श्रम द्यावेत : ‘कमवा आणि शिका’. पण श्रमांनीही सारे भागत नसे. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, अखेरीस मंगळसूत्रही. बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना हा खर्चही जमेस धरावा लागतो.

१४/ स्वातंत्र्यानंतर, १९५९ मध्ये, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफीची ई.बी.सी. सवलत मिळाली, उत्पन्नाची मर्यादा लवकरच वार्षिक १,२०० रुपये झाली. हजारो घरांतील पहिला पदवीधर या सवलतीने घडला. पुढे १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि खर्चाचा काटा पुन्हा पालकाकडे झुकू लागला.

१५/ १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला आणि खाजगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या गेल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील विनाअनुदानित खाजगी शाळांना यातून वगळले. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला.

१६/ आणि आज? केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार देशात सरकारी शाळेतील एका विद्यार्थ्यामागे कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये आहे. बिगरसरकारी शाळेत तो २५,००२ रुपये, म्हणजे जवळपास नऊपट. सुमारे २७ टक्के विद्यार्थी खाजगी शिकवणीही लावतात. सरकारी शाळेतील खर्चही शून्य नाही, हे विसरू नये : वह्या, गणवेश, प्रवास यांचा भार घरावरच असतो.

१७/ सयाजीराव आणि शाहू महाराजांनी जो भार राज्याने उचलावा म्हणून धडपड केली, त्याचा मोठा वाटा पुन्हा घराघरांत परतला आहे. ऐपत असलेला पालक पैसे मोजून सरकारी शाळेतून बाहेर पडतो. मग त्या शाळेच्या गळक्या छपराबद्दल भांडायला उरतो तो, ज्याचा आवाज सर्वांत क्षीण असतो. म्हणून फुल्यांचा प्रश्न अजून जुना झालेला नाही : पैसा कोणाचा, आणि बाकावर मूल कोणाचे?

१८/ आपल्या घरातील ज्येष्ठांना एकदा अवश्य विचारा : शाळेची फी किती होती, आणि ती कोणी भरली? उत्तरात कधी सवलत सापडेल, कधी वसतिगृह, कधी मोडलेला दागिना. तोही इतिहासच आहे. (धागा समाप्त)