ओसरीवरची मशिनं

माजघरात भर दुपारीसुद्धा सुईत दोरा ओवता येत नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यात शिवण शिकवली आहे, म्हणून सांगते. मशिनं मांडायची ती चौकाच्या ओसरीवर, उजेड तिथेच. माजघरात कापडाचे गठ्ठे आणि वळकट्या, मुलींचं राहणं माडीवर. संध्याकाळी मशिनं भिंतीला सरकवली की ओसरीवरच पंगत.

पुण्यात हा संसार मोठ्या प्रमाणावर मांडला तो रमाबाई रानड्यांनी. त्यांचे पती, न्यायमूर्ती रानडे, १९०१ साली गेले. पुढे त्या मुंबईहून पुण्याला आल्या आणि १९०९ साली रानड्यांच्याच वाड्यात बायकांना शिकवणारं पुण्याचं सेवासदन सुरू झालं. बरोबर गोपाळ कृष्ण देवधर होते. त्यांचं नाव आज कोणी काढत नाही, हे मला खटकतं. पुण्यातल्याच घरात, नव्या सुनेचे दिवस काढताना, इंग्रजी शिकते म्हणून रमाबाईंनी घरच्या बायकांचे टोमणे खाल्ले होते. आता त्या घरच्या कर्त्या होत्या.

विधवा मुलीला शिकायला पाठवायचं म्हटलं की सासर-माहेरचा पहिला प्रश्न, ‘राहणार कुठे?’ ‘रानड्यांच्या वाड्यात’ म्हटल्यावर निम्मी हुज्जत तिथेच संपत असणार. जागेचं भाडं वाचलं ते वेगळंच. विधवांच्या आश्रमासाठी अण्णासाहेब कर्व्यांनी नेमकी उलटी वाट धरली. गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या सहा एकरांवर, १९०० साली, गावाबाहेर हिंगण्याला झोपडी. गावाच्या नजरेपासून लांब, पण प्रत्येक गोष्ट पायपीट करून न्यायची. दोन्ही वाटा धाडसाच्याच. वाड्याची मला जास्त अवघड वाटते, कारण तिथे शेजारी रोज बघत असतात.

शिवणाला, भरतकामाला फारसं कोणी नाक मुरडलं नसेल. ती कामं उंबऱ्याच्या आतली. सेवासदनाने बायकांना परिचारिका करायचं ठरवलं तेव्हा गोष्ट निराळी झाली. शिकायला ससून रुग्णालयात जायचं, परक्या पुरुषांची शुश्रूषा करायची, जातीपातीचा विटाळ बाजूला ठेवायचा. शिवाय रात्रपाळी! दिवेलागणीला दिंडी लावून घेणाऱ्या घरात बाई पहाटे कामावरून परतणार, म्हणजे घराची रीतच बदलायला हवी. ओसरीवर चार मशिनं मांडून ते भागणारं नव्हतं. परिचारिकांच्या राहण्याची निराळी सोय करावी लागली, आणि माझ्या मते सेवासदनाचं खरं धाडस तिथे होतं, शिवणाच्या वर्गात नव्हे.